दोन कागदांचा फरक

१

एकतीस क्रमांकाच्या कागदावर रोडरोलरच्या दुरुस्तीची तक्रार होती. जे पत्र तिथं असायला हवं होतं, ते नव्हतं.

सोमवारी दुपारी पुतणेसाहेबांनी फोल्डर माझ्याकडे फिरवला आणि त्या कागदावर बोट ठेवलं.

"मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीच्या निबंधात म्हटलंय की इथं माझ्या काकांनी एका शिक्षिकेला लिहिलेलं पत्र आहे. मला तर रोडरोलर दिसतोय. तुम्हाला काय दिसतंय?"

मलाही रोडरोलरच दिसत होता.

त्यांचे काका म्हणजे आमच्या नगरपालिकेचे नळवाले अध्यक्ष. साठ वर्षांपूर्वी टेकडीपलीकडच्या तलावाचं पाणी त्यांनी पंपाशिवाय, नुसत्या उताराच्या जोरावर घराघरात आणलं. चौकात त्यांचा पुतळा आहे. एक हात नळावर, दुसऱ्या हातात गुंडाळलेला नकाशा. त्यांच्या नावाने आमच्या कॉलेजात दरवर्षी निबंधस्पर्धा होते. विषय एकच, अध्यक्ष. अटही एकच, प्रत्येक विधानाला तळटीप हवी. पहिल्या येणाऱ्याला पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळते, आणि ती देणाऱ्या ट्रस्टचे प्रमुख हे पुतणेसाहेब.

मी इथली ग्रंथपाल. मुलं मला पाठीमागे शूःबाई म्हणतात. मला ते ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही, आणि तसंच चाललेलं बरं.

"सतरावी तळटीप वाचा," पुतणेसाहेब म्हणाले.

मी वाचली. पुतळ्याच्या हातातला नकाशा अध्यक्षांचा नव्हताच, असं निबंधात लिहिलं होतं. भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी शाळेतल्या मुलींना घेऊन, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने अख्ख्या टेकडीचा उतार मोजला आणि नकाशा काढला. अध्यक्षांनी त्यांना कळवलं होतं: 'योजना तुमच्या नावाने मंजूर होणार नाही, म्हणून माझं नाव घालतो. पाणी आलं की खरं काय ते मीच सगळ्यांना सांगेन.' पाणी आलं. अध्यक्षांनी कुणाला काही सांगितल्याचं कुणी ऐकलं नाही. आधार म्हणून खाली लिहिलं होतं: पाठवलेल्या पत्रांच्या नकला, कागद ३१ आणि ३२.

"सर, तुम्हीच सांगा," पुतणेसाहेब माझ्या मागे बघत म्हणाले.

आतल्या खोलीच्या दारात सर उभे होते, हातात चहाचा थर्मास घेऊन. अध्यक्षांचं चरित्र त्यांनी लिहिलं, म्हणून शहर त्यांना ओळखतं. मी त्यांना ओळखते ती त्यांची विद्यार्थिनी म्हणून. ही नोकरी मला त्यांच्याच शब्दावर मिळाली. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, तरी अकरा वाजता त्यांच्या थर्मासमधला दुसरा कप माझा, हा तीस वर्षांचा रिवाज चुकला नव्हता.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "चरित्र लिहिताना हा फोल्डर मी पानन् पान चाळलाय. असं पत्र यात नाही. कधीच नव्हतं." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो. पण हुशार माणसाचाही पाय घसरतो कधीतरी."

त्या पोरीचे मार्गदर्शक तेच होते. आपल्या विद्यार्थिनीलासुद्धा ते पाठीशी घालत नाहीत, हे बघून मला त्यांचा अभिमान वाटला.

पुतणेसाहेबांनी फोल्डर मिटला. "म्हणजे ही सरळसरळ फसवणूक आहे. शनिवारी अकराला समिती बसवायला सांगतो. शिष्यवृत्ती राहू द्या, ही मुलगी कॉलेजात राहते का ते बघू."

२

त्या मुलीला मी तळटीप म्हणते. पहिल्या वर्षाला असताना तिने मला विचारलं होतं, "मॅडम, वाचनालयात बोलू नये हा नियम कुठं लिहिलाय?" मी शोधलं. कुठंच लिहिलेला नव्हता. तेव्हापासून ती माझी लाडकी.

मंगळवारी ती माझ्यासमोर बसली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज कोरडा होता.

"ते पत्र होतं, मॅडम. मी याच टेबलावर बसून उतरवून घेतलं. तुम्ही समोर होतात."

"मी समोर होते. मी वाचलं नाही."

"तुम्हीच फोल्डरला क्रमांक घातलेत ना?"

"घातलेत. क्रमांक घालणारी बाई कागदाचा कोपरा बघते, मजकूर नाही."

माझ्याच तोंडचं हे वाक्य मला टोचलं. अध्यक्षांचे कागद आमच्याकडे आले तेव्हा मी नवी होते. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने आकडा घातला, दोरीत ओवून फोल्डर बांधले आणि कपाटात ठेवले. एकूण कागद किती, ते दाखल नोंदवहीत लिहायची तेव्हा पद्धत नव्हती. म्हणजे पद्धत मीच पाडायला हवी होती.

नियम मात्र मी कडक केले. विद्यार्थ्यांना आतल्या खोलीत मज्जाव. फोल्डर माझ्या समोरच्या टेबलावर बसून बघायचा, मोबाईल माझ्या खणात ठेवायचा, वाचकनोंदीत सही करायची. फोटो चालत नाही, हाताने उतरवून घ्या. त्यामुळे तळटीपेकडे आता तिच्याच अक्षरातली नक्कल होती, आणि तिला कुणी काडीची किंमत देणार नव्हतं.

"मसुदा कुणी कुणी वाचला होता?"

"सरांनी. आणि माझ्या रूममेटने."

"सर काय म्हणाले?"

"चांगला झालाय म्हणाले. एका कागदावरून माणूस जोखू नये, असंही म्हणाले. मला वाटलं, मोठ्या मनाने सांगतायत." तिने बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला. "मॅडम, घरी मी अजून सांगितलं नाही. बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत की पोरगी पुढं शिकणार."

ती गेल्यावर प्राचार्यबाईंनी मला बोलावून घेतलं. त्या वाईट नाहीत. त्यांना फक्त भानगड नको असते.

"तुमचा जीव आहे तिच्यावर, कळतं मला," त्या म्हणाल्या. "पण ती नुसती खोटारडी नाही, निष्काळजीही आहे. त्याच फोल्डरच्या आणखी तीन तळटिपा आम्ही तपासल्या. तिन्ही चुकीच्या. तिथं भलताच कागद निघतो."

हे ऐकून माझा धीर सुटला. तळटीप खोटं बोलेल हे मी एक वेळ मानलं असतं. ती आकडा चुकवेल, हे काही केल्या पटेना.

३

बुधवारी मी रूममेटला गाठलं. तळटीप बाद झाली तर शिष्यवृत्ती हिचीच होती, कारण निबंधात दुसरी ही. केस विंचरलेले नव्हते आणि नजर टेबलाच्या पायाशी होती.

"ट्रस्टच्या ऑफिसात फोन कुणी केला?" मी अंधारात तीर मारला. पुतणेसाहेब ढीगभर निबंधांतून नेमकी सतरावी तळटीप काढून आले होते, ते मला खटकत होतं.

तिचा चेहराच बोलला. "मी फक्त म्हटलं की सतरावी तळटीप बघा. खोटं काही सांगितलं नाही. त्यांना त्यांच्या काकांबद्दल वाचून राग येईल, मार्क कमी देतील, एवढंच वाटलं होतं."

"पत्र नसेल असं वाटलं नव्हतं?"

"नाही हो. तिने उतरवून आणलं त्या दिवशी आम्ही दोघींनी ते चार वेळा वाचलं. त्या बाईंसाठी ती रडली होती." मग तीही रडायला लागली. "मॅडम, तिला सांगू नका."

एका ताटात जेवणाऱ्या या दोघी. मला तिचा संताप आला, पण डोकं जागेवर होतं. जिला पुतण्यांचा राग भडकायला हवा होता, तिला पत्र जागेवरच असायला हवं होतं. नाहीसं करून तिचा डाव बसत नव्हता. आगलावी ही होती, चोर नव्हती.

मग पुतणेसाहेब. कॉलेजची जावक वही बघितली. निबंध ट्रस्टकडे शुक्रवारी दुपारी गेले. सोमवारी ते इथं आले, माझ्यासमोर अर्धा तास बसले, आणि त्या अर्ध्या तासात मी त्यांच्या हातावरून नजर काढली नाही. बड्या लोकांवर मी जास्त नजर ठेवते.

उरले तात्या, आमचे शिपाई. किल्ल्या त्यांच्याकडे असतात आणि कुरकुर सतत तोंडात असते.

"तात्या, गेल्या पंधरा दिवसांत आतल्या खोलीत कोण गेलं?"

"मी जातो झाडायला. तुम्ही जाता आणि घाण करता."

"मी काय घाण केली?"

"मागच्या शुक्रवारी सकाळी टेबलभर खोडरबराचा भुगा. मूठभर निघाला. एवढं काय खोडत बसला होता, बाई? मी झाडून झाडून दमलो."

"शुक्रवारी सकाळी मी येऊन बसलेसुद्धा नव्हते."

"मग गुरुवारचा असेल."

गुरुवारी मी रजेवर होते. डोळे तपासायला गेले होते, आणि ते तात्यांच्या लक्षात नव्हतं. म्हणजे माझ्या खुर्चीत मी नसताना कुणीतरी आत बसून बराच वेळ काहीतरी खोडलं होतं. तात्यांनी ते केलं असतं तर भुग्याची तक्रार माझ्याकडे केली नसती. मी वाचकनोंद उघडली. गुरुवारच्या रकान्यात एकही सही नव्हती.

४

काय खोडलं असेल, हे बुधवारी संध्याकाळी कळलं. प्राचार्यबाईंनी सांगितलेल्या त्या तीन चुका मला चैन पडू देत नव्हत्या, म्हणून मी निबंध आणि फोल्डर शेजारी शेजारी ठेवले आणि चुका मोजायला बसले.

तळटीपेने या फोल्डरमधून सहा ठिकाणी आधार घेतला होता. कागद १२, बरोबर. कागद २६, बरोबर. मग ३१ आणि ३२, ते हरवलेलं पत्र. पुढे ४७ म्हणून जे लिहिलं होतं, ते मला ४५ वर सापडलं. ६३ चं ६१ वर. ८० चं ७८ वर.

मी पुन्हा एकदा तपासलं. मग पेन्सिल खाली ठेवली.

निष्काळजी माणूस कधी एकाने चुकतो, कधी दहाने, कधी फोल्डरच भलता लिहितो. दर वेळी मोजून तेवढ्यानेच कुणी चुकत नाही. एकतीसच्या आधी सगळं बरोबर आणि एकतीसनंतर सगळं दोनाने पुढे, याचा अर्थ एकच होता. तळटीपेने वाचलं तेव्हा फोल्डरमध्ये दोन कागद जास्त होते. नंतर कुणीतरी दोरी सोडून ते काढले, आणि मधली फट दिसू नये म्हणून तेहतीसपासून शेवटपर्यंत, चोपन्न कागदांचे आकडे खोडून नवे घातले. मूठभर भुगा उगाच झाला नव्हता.

मी खिडकीशी जाऊन कागद तिरपा धरला. ४५ च्या खाली जुन्या ४७ ची खूण पुसट दिसत होती. आकडे हुबेहूब माझ्यासारखे काढले होते. माझ्या चारला वर एक छोटी शेपटी असते, तीसुद्धा होती. माझं अक्षर इतकं जवळून कुणी बघितलं असेल, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

मी धावत प्राचार्यबाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आकडे तुमच्याच अक्षरातले आहेत ना?" त्यांनी विचारलं. "मग आपलीच चूक तुम्ही कधीतरी दुरुस्त केली असेल, असं समिती म्हणेल. किंवा मुलीला वाचवायला परवा केलीत, असंही म्हणेल. बाहेरचा साक्षीदार आणा. या मुलीच्या आधी हा फोल्डर ज्याने वापरला असेल, असा."

असा माणूस जगात एकच होता, आणि तो रोज अकराला मला चहा पाजत होता.

५

गुरुवारी सकाळी सरांचं चरित्र मी मोठ्या आशेने काढलं. सर आपल्याच पुस्तकातून पोरीला सोडवणार, असं मनात होतं. हे सरांना सांगताना काय मजा येईल, याचाही विचार करून झाला होता.

त्या पुस्तकाच्या तळटिपा मीच टाईप केल्या होत्या, बावीस वर्षांपूर्वी. सर आत बसून चिठ्ठ्यांवर आकडे लिहून द्यायचे, मी बाहेर टाईपरायटर बडवायचे. प्रस्तावनेत माझे आभार आहेत. 'ग्रंथालयातील सेवकवर्गाचा मी ऋणी आहे' या ओळीत. सेवकवर्ग म्हणजे मी आणि तात्या.

या फोल्डरचे आधार चार होते. ९, बरोबर. २२, बरोबर. ५८ म्हणून दिलेला मजकूर फोल्डरमध्ये ५६ वर होता. ७१ चा ६९ वर.

दोनाचाच फरक. मी खुर्चीत टेकून एकटीच हसले. तळटीप सुटली होती. बावीस वर्षांपूर्वी छापलेलं पुस्तक सांगत होतं की ते दोन कागद तेव्हा होते.

हसू ओठांवर असतानाच सोमवारचं वाक्य आठवलं. 'पानन् पान चाळलाय. असं पत्र कधीच नव्हतं.'

पानन् पान चाळणाऱ्याला एकतीस आणि बत्तीस ओलांडल्याशिवाय अठ्ठावन्नवर जाता येत नाही.

मग मी नको नको म्हणत असताना एकेक गोष्ट आपली आपण जागेवर बसली. मसुदा त्या दोघींखेरीज फक्त सरांनी वाचला होता. पुतण्यांना निबंध मिळायच्या आदल्या दिवशी कागद गेले होते. माझे आकडे बावीस वर्षं त्यांच्या डोळ्यांखालून गेले होते. आणि मागच्या गुरुवारी वाचकनोंदीत सही नव्हती, कारण एका माणसाची सही मी कधी घेतच नव्हते. आल्याआल्या पहिल्या महिन्यात मी वही पुढे केली होती, तेव्हा सर हसले होते. मी ओशाळून म्हटलं होतं, "राहू द्या सर, तुम्हाला कशाला सही." तेव्हापासून ते आतल्या खोलीत घरच्यासारखे जात-येत होते, आणि तात्यांना ते खोलीतल्या कपाटाइतकेच सवयीचे झाले होते. कोण आत गेलं म्हणून विचारलं तर त्यांचं नाव तात्यांच्या तोंडी येणार नव्हतं. माझ्या तरी कुठं आलं?

काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा मुली, शिपाई, पुतणे, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता.

अकरा वाजले. सर आले, थर्मास उघडला, दुसरा कप माझ्यापुढे ठेवला. मी तो प्यायले. नाही म्हणायचं कसं, ते मला येत नव्हतं.

६

शुक्रवारी मी त्यांना संधी दिली. आजही मला वाटतं की द्यायलाच हवी होती.

"सर, उद्या समिती आहे. त्या पोरीचं पुढचं शिक्षण बुडेल. तुम्हाला काही सांगायचंय का?"

ते खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांच्या चरित्राची नवी आवृत्ती पुढच्या महिन्यात येणार होती, पुतळ्यासमोर समारंभ होता. पुतणेसाहेबांशी हस्तांदोलन करतानाचा त्यांचा फोटो मुखपृष्ठावर जाणार होता.

"मी काय सांगणार? तिने कबूल करावं, माफी मागावी."

"पत्र कुणी काढून नेलं असेल तर?"

त्यांनी चष्मा पुसला. खूप वेळ पुसला. "समजा तसं असेल, तर किल्ल्या कुणाकडे असतात? तात्याला रद्दी विकायची सवय आहे, हे तू मला कितीदा सांगितलंयस. माझं ऐक, यात पडू नकोस. तुझ्यावरही येईल. तुझी नोकरी मी कशी लावली होती, विसरलीस?"

कागद नेले, ते मी एक वेळ समजू शकले असते. माणसाला आपल्या पुस्तकाचा मोह असतो. पण तात्यांचं नाव त्यांनी ज्या सहजपणे पुढं केलं, त्याने माझ्या आत काहीतरी कायमचं तुटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्या हातात द्यायला निघाले होते. माझे गुरू होते ते. त्यांच्यासारखं स्वच्छ लिहायला मिळावं म्हणून मी या कागदांच्या धंद्यात आले होते.

"विसरले नाही, सर," मी म्हटलं. "काहीच विसरले नाही."

कप धुऊन मी त्यांचा थर्मास त्यांच्या हातात दिला.

७

शनिवारी अकराला प्राचार्यबाईंच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. प्राचार्यबाई, पुतणेसाहेब, सर, तळटीप, दाराशी तात्या आणि मी. माझ्यापुढे फोल्डर, निबंध आणि सरांचं पुस्तक होतं.

मी आधी निबंधाचे आकडे वाचले. बारा, बरोबर. सव्वीस, बरोबर. सत्तेचाळीसचा कागद पंचेचाळीसवर. त्रेसष्टचा एकसष्टवर. ऐंशीचा अठ्ठ्याहत्तरवर. पुतणेसाहेब बोटांवर मोजत होते.

"दोन कागद नंतर निघाले, असं तुमचं म्हणणं," ते म्हणाले. "पण आकडे तुमच्याच हातचे दिसतायत."

"म्हणून दुसरा साक्षीदार आणलाय. ही मुलगी जन्मायच्या आधीचा आहे." मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. "हे तुम्हीच ताडून बघा. अठ्ठावन्न आणि एकाहत्तर."

त्यांनी फोल्डरची पानं उलटली. छप्पन्नवर ते थांबले, मग एकोणसत्तरवर. पुढे त्यांनी मान वर केली ती सरांच्या दिशेने.

"सर, हा तुमचा आधार. यातही दोनाचाच फरक आहे. म्हणजे तुम्ही वाचलंत तेव्हा ते कागद होते."

सरांनी पुस्तकाचं ते पान आपल्याकडे फिरवून घेतलं. दुसऱ्याच्या तळटिपा तपासण्यात त्यांनी आयुष्य काढलं होतं. चोपन्न आकडे बदलताना स्वतःच्या तळटिपा कुणी तपासेल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"मागच्या आठवड्यात गुरुवारी आत तुम्ही होतात," मी म्हटलं. "वहीत सही नाही. ज्याची सही लागत नाही असा या कॉलेजात एकच माणूस आहे. ती माझी चूक, आणि ती मी या समितीपुढे मान्य करते."

तात्या दाराशी पुटपुटले, "सरांना मीच तर दार उघडून दिलं होतं. सर म्हणजे कोण आलं असं वाटतंच कुठं."

तळटीप तेव्हा पहिल्यांदा बोलली. "सर, मसुद्यावर तुम्ही 'उत्तम' लिहिलं होतं. सतराव्या टिपेशेजारी बरोबरची खूण केली होती. मी ते पान जपून ठेवलंय." तिने बॅगेवर हात ठेवला. "मला वाटलं होतं, माझ्या बाजूने जगात कुणी बोललं नाही तरी तुम्ही बोलाल."

सरांनी बॅग मांडीवर घेतली. आतून त्यांनी आपल्याच पुस्तकाची प्रत काढली, आणि प्रतीतून दोन पिवळे कागद. ते त्यांनी टेबलावर ठेवले. कोपऱ्यात माझे आकडे होते, ३१ आणि ३२, जराही न पुसलेले.

"फाडवले नाहीत," ते म्हणाले. "कागद फाडायला हात उठत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तेव्हाच वाचलं होतं मी. तू बाहेर टाईप करत होतीस. पुढच्या आवृत्तीत घालू म्हटलं. चार आवृत्त्या झाल्या."

पाणी आलं की सांगेन म्हणणाऱ्या माणसाचं चरित्र लिहिता लिहिता ते त्याच्यासारखेच झाले होते. पुतणेसाहेबांनी पत्र वाचलं, दोनदा वाचलं. त्या शिक्षिकेचं नाव त्यांनी मोठ्याने उच्चारलं. शहरात ते नाव त्या दिवसापर्यंत कुठल्याच पाटीवर नव्हतं. मग ते तळटीपेला म्हणाले, "निबंध आहे तसा राहील. समारंभाचं मला बघावं लागेल." नवी आवृत्ती थांबली हे सरांना त्यातून कळलं.

सगळे गेल्यावर सर वाचनालयात आले. त्यांना वाटलं असेल की आता मी काहीतरी मऊ बोलेन. मी खणातून वाचकनोंद काढली, मागच्या आठवड्यातला गुरुवार उघडला आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

"सही करा, सर."

"आता? इतक्या वर्षांनी?"

"आता."

त्यांनी नाव लिहिलं, फोल्डरचा क्रमांक लिहिला, नेल्याची आणि परत केल्याची तारीख लिहिली. 'कशासाठी' या रकान्यापाशी पेन थांबलं. ते माझ्याकडे बघत राहिले. वर्गात मी उत्तर विसरले की मी त्यांच्याकडे तशी बघायचे.

"इथं काय लिहू?"

तीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मला रडू येत होतं आणि मी ते त्यांना दाखवणार नव्हते.

"तुम्हीच शिकवलंत सर, खरं असेल ते लिहायचं. जमत नसेल तर मोकळं सोडा. वाचणाऱ्याला कळतं."

त्यांनी तो रकाना मोकळा सोडला आणि थर्मास न घेता निघून गेले.

थोड्या वेळाने तळटीप आली. सतराव्या टिपेतला आकडा पुन्हा एकदा मूळ कागदाशी ताडून बघायचा होता म्हणाली. मी वही पुढे केली आणि तिने सरांच्या खालच्या ओळीत सही केली. तिचं काम झाल्यावर मी फोल्डर घेऊन कागद मोजले. शहाऐंशी. मग पुन्हा मोजले, आणि एकूण आकडा दाखल नोंदवहीत पेनाने लिहिला. ते काम मी तीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं.